राखणदाराचा नारळ

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी कुवेतमधला एक आवाज बंद होतो. तो इतके महिने चालू होता हे तो बंद झाल्यावरच कळतं. एप्रिलपासून न थांबता घरघरणारे एसी, आमचा, शेजारच्यांचा, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ओळीनं टांगलेले पन्नाससाठ, आठवड्याभरात एकेक करत गप्प होतात. मग त्या घरघरीखाली दबलेलं सगळं वर येतं. वरच्या मजल्यावरची मल्याळी ताई सकाळी खोबरं किसते तो आवाज. जिन्यात इमारतीचा हारिस, म्हणजे देखभाल करणारा माणूस, फोनवर गावाकडे भांडतो तो आवाज. कबुतरं. लोक खिडक्या उघडतात, गाड्यांच्या टपावर तंबूंच्या वळकट्या बांधून वाळवंटाकडे निघतात, कामावरची माणसं एकमेकांना उगाचच "काय छान हवा पडलीय" असं सांगतात. आणि आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो.

आत्ता मी सालमियाच्या धक्क्यावर एका लोखंडी बाकावर बसले आहे. ग्रुपवर चारदा आलेल्या निरोपाप्रमाणे बोट साडेआठला सुटणार होती. "सर्वांनी आठ वाजता हजर राहावे, उशिरा येणाऱ्यांसाठी बोट थांबणार नाही," असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मी पावणेआठला आले. आता सव्वानऊ वाजलेत. बोट थांबली आहे, कारण ज्यांनी तो निरोप लिहिला ते मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका अजून आलेले नाहीत. माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी आहे आणि पिशवीत नारळ. पिशवीचं तोंड मी दोन्ही हातांनी आवळून धरलं आहे. भर दिवसा, ओळखीच्या माणसांत, कोणी आपला नारळ काढून घेईल अशी भीती बाळगणं वेडगळपणाचं आहे, हे मला कळतं. पण गेल्या वर्षी घेतला होता.

माझे पप्पा आता देवगडजवळच्या आमच्या गावी असतात. दर शुक्रवारी, माझी सुट्टी लक्षात ठेवून, ते फोन करतात. आधी आई बोलते. जेवलीस काय, कपडे वाळतात काय, खोलीत सोबत राहणाऱ्या नर्सबाई नीट वागतात काय. मग पप्पा फोन घेतात आणि त्यांचा एकच प्रश्न असतो. "जावन इलंस काय गो?" मार्चमध्ये तेच, जूनमध्ये तेच. जूनमध्ये इथं गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. मी म्हणायची, पप्पा, बेटावरच्या सहली थंडीत निघतात. "मगे थंडीत जा," एवढं बोलून ते आंब्याच्या कलमांवर यायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, जावन इलंस काय गो.

जायचं ते फैलका नावाच्या बेटावर. तिथं चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे आणि देवळांचे पाये आहेत, आणि त्यांच्या जवळच बरंच नंतर आलेल्या ग्रीकांच्या किल्ल्याचे. बावीस वर्षांपूर्वी या उकरलेल्या जागेला कुंपण घालायचं काम अर्दियातल्या एका वर्कशॉपला मिळालं. पप्पा तिथं वेल्डर होते. तेव्हा ते कुवेतमध्ये एकटे राहत, खोलीत सहा जण, सगळे कोकणातले, सगळ्यांचा दोन-दोन वर्षांचा करार. सात माणसं बेटावर गेली आणि दोन महिने एका कंटेनरमध्ये राहिली.

पहिल्या दिवशी खांबांचे खड्डे खणायला पहारी उचलल्या आणि पहिला घाव कोणी घालेना. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहिरीला असतो, ओढ्यावरच्या साकवाला असतो, दोन गावांमधल्या पायवाटेला असतो. त्याचं देऊळ नसतं, मूर्ती नसते. तो त्या जागेच्या हद्दीवर बसून तिची राखण करतो, आणि त्याला न विचारता तिथली माती उकरायची नसते. आता या बेटाचा राखणदार कोण, त्याला आपली भाषा कळते की नाही, काय ठाऊक! शेवटी सातांतल्या वडीलधाऱ्यानं बिस्किटांचा पुडा आणि दोन विड्या वाळूवर ठेवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. म्हणजे मोठ्या आवाजात त्याला सगळं सांगितलं, आम्ही कोण, कशासाठी आलो, आम्हाला सांभाळ. त्याच्या प्रत्येक वाक्यामागून बाकीचे सहा जण "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग खड्डे खणले गेले. आणि त्या गाऱ्हाण्यात पप्पांनी मनातल्या मनात स्वतःचं एक वाक्य घुसवलं. माझी बायको-पोर इथं माझ्याजवळ येऊ देत, पोरीला तुझ्यासमोर आणीन, नारळ देईन.

साध्या वेल्डरला कुटुंब आणता येत नसे. पुढच्या वर्षी पप्पा फोरमन झाले, कागदावरचा हुद्दा बदलला, आणि पाच वर्षांची मी आईचा हात धरून इथल्या विमानतळावर उतरले. हे राखणदारानं केलं की मुदीरनं, म्हणजे वर्कशॉपच्या मॅनेजरनं, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. राखणदारानंच. पण मग गेलो का नाही? शुक्रवारचा ओव्हरटाइम. उन्हाळा. माझ्या परीक्षा. आईचं गुडघ्याचं दुखणं. बेट बोटीनं तासाभरावर, आणि माणूस एकवीस वर्षं "एकदा जावचा आसा" म्हणत राहतो. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या घरी असं एक न गेलेलं ठिकाण असतं.

गेल्या वर्षी पप्पांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही असं कळलं. डिसेंबरअखेर निघायचं होतं. आई घर लावायला आधीच गावी गेली होती. आणि नोव्हेंबरात मंडळाची सहल जाहीर झाली, चला फैलका. मी भांडी घासत होते, तेव्हा पप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"माका थय जावक व्हया. आता नाय तर मगे कधीच नाय."

"मंडळाबरोबर? पप्पा, आपण दोघंच जाऊ ना."

"बेटावर फिरूक गाडी कोण देतलो? मंडळाची बस आसा."

"आणि तिथं जाऊन करायचं काय?"

"नारळ देवचो. गाऱ्हाणा घालूचा. तू मागसून व्हय म्हाराजा म्हण."

"मी?"

"मागसून म्हणणारा कोणतरी लागता गो. नायतर ती नुसती बडबड. आणि नवस तुझ्यासाठी बोललंय, तूच म्हणूक व्हया."

माझ्या हातातलं पातेलं मी नको इतका वेळ घासत राहिले.

माझ्याबद्दल लोक एकच वाक्य बोलतात, "शांत आहे हो मुलगी." जणू तो एखादा गुण आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं हजेरीला सगळी मुलं "प्रेझेंट मिस" म्हणायची, मी हात वर करायची. मराठी मी आईजवळ शिकले, वाचते बरं, लिहिते सावकाश, आणि बोलायची वेळ आली की आधी इंग्रजीत वाक्य तयार करते, ते तपासते, मग उलटवते. तोवर समोरचा निघून गेलेला असतो. जाब्रियातल्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करते. दिवसभर कानात दुसऱ्यांचे आवाज, माझ्या तोंडून एक शब्द लागत नाही. काम मला फार आवडतं. अशा मुलीनं चारचौघांत, उघड्यावर, मंडळातल्या अहमदीच्या तेलकंपनीतल्या इंजिनियरांसमोर आणि त्यांच्या मोत्यांच्या कुड्या घातलेल्या बायकांसमोर "व्हय म्हाराजा" म्हणायचं!

मंडळातही पप्पांची एक जागा होती. गणपतीच्या मखराचा सांगाडा हलायला लागला की माइकवरून हाक यायची, "परब, जरा बघता का?" परब बघायचे. सगळं उरकून मागच्या रांगेत बसायचे. आभारप्रदर्शनात सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट झाल्यावर शेवटी "आणि अर्थातच आपले परब". मला त्या "आपले"ची चीड यायची. पप्पांना यायची नाही, याची आणखी चीड यायची.

तर गेल्या वर्षी असाच एक शुक्रवार. पप्पांनी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. बोट तेव्हाही उशिरा सुटली. बेटावर उतरल्यावर कळलं की आपण अवशेष पाहायला आलेलो नाही, रिसॉर्टवर आलो आहोत, आणि अवशेष रिसॉर्टच्या मागे असल्यामुळे नाइलाजानं पाहणार आहोत. छापील कार्यक्रमपत्रिका वाटली गेली. नाश्ता. बॉक्स क्रिकेटचं उद्घाटन. तंबोला, दीड तास. जेवण. अंताक्षरी. ऐतिहासिक अवशेष, वीस मिनिटे. परत. एका बाजूला समुद्र, एका बाजूला पायानं चालवायच्या होड्यांचं तळं, मधे दोन कंटाळलेले उंट, आणि सगळ्यावर लाउडस्पीकर.

पप्पा हात धुवायला गेले आणि जाताना पिशवी माझ्याकडे दिली. नारळाची शेंडी बाहेर दिसत होती. गळ्यात शिट्टी अडकवलेले कुलकर्णीकाका लगबगीनं आले.

"अरे वा, नारळ! म्हटलंच होतं मी, कोणीतरी आणणार. उद्घाटनाचा ना?"

माझ्या डोक्यात तीन वाक्यं तयार झाली, तिन्ही नीट, तिन्ही इंग्रजीत. तोंडातून निघालं, "ते... पप्पांनी..."

"परबांनी आणलाय? बघा! याला म्हणतात माणूस. सांगावं लागत नाही!" आणि नारळ त्यांच्या हातात गेला.

परदेशातल्या मराठी मंडळात नारळ दिसला की तो उद्घाटनाचाच असतो. दुसरं काही त्याचं असू शकतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. हिरव्या खोट्या गवतावर एक दगड ठेवला गेला, अध्यक्षांनी दुसऱ्या फटक्यात नारळ फोडला, पाणी गवतावर सांडलं, कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं, बाकीचे "मोरया". पप्पा रुमालानं हात पुसत येत होते. त्यांनी नारळाची दोन शकलं पाहिली. मग माझ्या हातातली रिकामी पिशवी. मग मला. आणि मग, रुमाल खिशात ठेवून, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

वर्षभरात मी पुष्कळ गोष्टींवर चिडले. पण त्या टाळ्या आठवल्या की अजून कानशिलं तापतात.

थोड्या वेळानं कुलकर्णीकाकू खोबऱ्याचे तुकडे आणि साखर घेऊन फिरल्या. "घे गं, लाजतेस काय?" मी एक तुकडा टिश्यूत गुंडाळला आणि पप्पांकडे नेला. निदान तोच नारळ, अर्धा का होईना.

"एकदा दिलेलो नारळ दुसऱ्याक चलणा नाय," ते म्हणाले.

"पप्पा, देवाला कुठे दिलाय? क्रिकेटला दिलाय!"

"क्रिकेटाचोय कोणतरी राखणदार आसतलो," असं म्हणून त्यांनी तो तुकडा खाऊन टाकला. मला रडावं की ओरडावं कळेना. रिसॉर्टच्या दुकानात मी नारळ शोधायला गेले. तिथं उंटाच्या आकाराचे फ्रिजला चिकटवायचे चुंबक होते.

तंबोला दीड तासाचा दोन तास चालला. अंताक्षरीत "ठ" आला आणि पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी बस निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वाटेत बेटावरचं रिकामं गाव लागतं, नव्वद सालच्या इराकी आक्रमणात माणसं गाव सोडून गेली ती परत राहायला आली नाहीत. भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच. पोरं खिडकीला नाक लावून भोकं मोजत होती आणि इंग्रजीत आकड्यांवरून भांडत होती. कुलकर्णीकाका माइकवर सिकंदराबद्दल सांगत होते. त्यांच्या सांगण्यात सिकंदर या बेटावर उतरला, थकला आणि इथंच त्यानं विश्रांती घेतली. असं काही झालेलं नाही, मी आदल्या आठवड्यात सगळं वाचलं होतं. पण मी बोलले नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग ते अवशेष. आमच्या दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई मेक्सिकोला जाऊन आल्या होत्या. तिथल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टजवळचे माया लोकांचे अवशेष त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवले होते. कड्यावर उभं काळपट देऊळ, खाली निळाशार समुद्र. फैलक्याला तसलं काही नाही. गुडघ्याएवढ्या भिंती, वाळूच्या रंगाच्याच, वाळूत. पायऱ्या आहेत, त्या कुठे जात नाहीत. उंबरा आहे, घर नाही. जाळीच्या कुंपणाबाहेर उभे राहून मंडळानं दोन मिनिटं शांतता पाळली, म्हणजे मोबाइल वर धरले. कोणाचा तरी मुलगा म्हणाला, "दॅट्स इट?" त्याची आई म्हणाली, "आत काही नाहीये, चला, चहा आहे." फाटकाला कुलूप होतं. वीस मिनिटांतली सहा संपली होती.

पप्पा मात्र जाळीकडे बघतच नव्हते. ते खांबांकडे बघत होते. एका खांबापासून दुसऱ्याकडे जायचे, सांध्यावर अंगठा फिरवायचे, पुढे जायचे. मी मागे. "ह्यो माझो नाय," म्हणाले. पुढचा. "ह्यो पण नाय. हातात थरथर होती त्याच्या." फाटकापासून दूर, समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्याशी ते थांबले. जोड गंजानं तांबूस झाला होता, पण सरळ होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला. "ह्यो."

तेवढ्यात पाठीमागून हिंदीत आवाज आला, "चाचा, अंदर जाना मना है."

पहारेकरी होता. पन्नाशीचा, डोक्याला मफलर, हातात थर्मास. बोलायची पाळी आता माझी, मला कळत होतं. मी शिकलेली, मी नीट समजावून सांगू शकेन की आम्हाला आत जायचं नाही, फक्त पाच मिनिटं हवीत. मी वाक्य तयार करत राहिले.

"अंदर किसको जाने का है?" पप्पा त्याला हिंदीतच म्हणाले आणि मग, माझ्याकडे वळून, "ह्येका सांग गो, राखणदार आत बसणा नाय, तो हद्दीर आसता."

पहारेकऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या सरळ झाल्या. "कुठचे म्हणायचे तुम्ही?" त्यानं मराठीत विचारलं.

"देवगड."

"मी राजापूरचा. युनूस." त्यानं थर्मास खाली ठेवला. "देवगडचा माणूस या कोपऱ्यात काय शोधतो?"

पप्पांनी सांगितलं, खांब, नवस, पोर, सगळं. मी वाळूत बघत उभी. युनूसभाई मात्र मधे मधे मान हलवत होते, जणू कोणी बसचं वेळापत्रक सांगतंय. "बरोबर आहे," ते म्हणाले. "इथं एक जुनं स्थान होतं म्हणतात. बायका नवसाला यायच्या दूरदूरून. आता नाही राहिलं. पण जागेला कोणीतरी असणारच की. नारळ आणलात?"

पप्पांनी जोडावरचा हात काढला. मग म्हणाले, "हाडललंय. वाटेत ऱ्हवलो."

मी मान वर केली नाही.

दूर बसजवळ कुलकर्णीकाकांनी पहिली शिट्टी मारली. पप्पांनी चपला काढल्या. गंजलेल्या खांबासमोर हात जोडले आणि त्यांचा आवाज असा उठला, जो मी घरात, मंडळात, वर्कशॉपच्या दारात कधी ऐकला नव्हता. मागच्या रांगेत बसणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हताच.

"बा ह्या बेटाच्या, ह्या दर्याच्या, ह्या चारी वाटांच्या राखणदारा म्हाराजा! आज तुझा लेकरू निरोप घेवक तुझ्या पायाकडे इला आसा, रे म्हाराजा!"

आणि थांबले. माझी जागा आली होती. बसजवळची माणसं वळून बघत होती. मोबाइल पुन्हा वर गेले असणार, मला न बघता दिसत होते. घशात शब्द होते, दोनच होते, आणि त्यांचं भाषांतरसुद्धा करायचं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" युनूसभाई म्हणाले. खणखणीत.

पप्पांनी डोळे उघडले नाहीत. "तुझा नाव माका ठाव नाय. तू कोणाचो, तुझी बोली खयची, ता ठाव नाय. पण मी हय लोखंड पुरलंय तेव्हा तू माका सांभाळलंस. पोर माझ्याजवळ येवंदे म्हटलंय, तू हाडलंस. उशीर झालो, ता पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसरी शिट्टी.

"तुझो नारळ वाटेत ऱ्हवलो. मी आता परत येवचंय नाय. तो नारळ माझा चेडू हाडून दितला, रे म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. पप्पा थांबले. या वेळी जास्त वेळ. युनूसभाईही थांबले, माझ्याकडे पाहून. वारा जाळीतून शीळ घालत होता. मी म्हणू शकत होते, अजून अर्धा क्षण होता, मी तोंड उघडलंही होतं. मग तिसरी शिट्टी वाजली आणि युनूसभाईंनी, कोणाचं तरी अडलेलं काम उरकावं तसं, हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

परतीच्या बोटीत पप्पा कठड्याला टेकून शेंगदाणे खात होते. "झाला," म्हणाले. समाधानानं!

"काय झालं? नारळ दिला नाही, मी म्हटलं नाही."

"कोणतरी म्हटल्यान मां? म्हटला की लागू झाला."

"पण मी कबूल केलं नाही ना! त्या माणसानं केलं!"

"त्येका काय तुझा नारळ देवची हौस आसा?" आणि ते चक्क हसले. मी उरलेला तासभर त्यांच्याशी बोलले नाही. ते बेट मागे बारीक होत गेलं तसं माझ्या लक्षात यायला लागलं की राजापूरच्या एका अनोळखी माणसानं माझ्या वतीनं माझा शब्द दिलेला आहे, आणि ज्याला दिला त्याचं नावही आम्हाला माहीत नाही.

डिसेंबरात पप्पा गेले. अठ्ठावीस वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं. घराची किल्ली मालकाला, ओळखपत्र खिडकीतल्या माणसाला, गॅसचं सिलिंडर वरच्या ताईला. मी जाब्रियात दोन नर्सबाईंच्या खोलीत आले. त्यानंतर कधीतरी, कानात डॉक्टरांचा आवाज आणि बोटं आपोआप चालू असताना, मला एकदम जाणवलं की इथं आमच्यातलं कोणी काही मागे ठेवतच नाही. ठेवू देत नाहीत असं नाही, ठेवायला जागाच नसते. भाड्याच्या भिंतीला भोकसुद्धा पाडायचं नसतं. पण पप्पांनी समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यात एक खांब ठेवला आहे, सरळ जोडाचा. चार हजार वर्षांपूर्वीचा तो पाया ज्यानं रचला त्यालाही कोणी "जरा बघता का" म्हणूनच बोलावलं असेल. त्याचं नाव त्या भिंतीवर नाही. आभारप्रदर्शनात शेवटी आलं असेल फार तर.

असले विचार आले की मी मान झटकून पुढचा रिपोर्ट लावते. विचारांनी नारळ पोचत नाही. तो मी काल विकत आणला, चार दुकानं फिरून, कारण इथं सोललेले, गुळगुळीत, शेंडी नसलेले नारळ मिळतात, आणि शेंडी नसलेला चालेल का हे विचारायला फोन करायची माझी तयारी नव्हती. शेंडीवाला मिळाला. रात्रभर तो माझ्या उशाशी होता, नर्सबाई दोनदा विचारून गेल्या.

कुलकर्णीकाका आले. साडेनऊला. गळ्यात शिट्टी, एका हातात तंबोल्याचा डबा. "चला चला, बोट थांबणार नाही!" लोक उठले. ते माझ्या बाकापाशी आले, पिशवीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, तन्वी! परब गेले पण परंपरा ठेवलीस हां. दे इकडे."

हात पुढे आला. तोच हात. माझ्या डोक्यात वाक्य तयार व्हायला लागलं, इंग्रजीत, विनम्र, कारणांसकट. मी ते मधेच सोडून दिलं.

"नाही काका. हा माझा आहे."

"म्हणजे?"

"उद्घाटनाचा नाही."

"अगं, मग उद्घाटन कशानं करायचं?"

"रिबीन कापा."

काकांचा हात हवेत तसाच राहिला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान लाल झाले असणार, आणि नेमका त्याच क्षणी पिशवीतला फोन वाजायला लागला. पप्पांचाच. शुक्रवारची ठरलेली वेळ सोडून.

"गो, बोट सुटली?"

"नाही अजून. पप्पा, मी नंतर करते."

"येळ कित्याक झालो? कोण येवचो आसा?"

"आले ते. आता सुटेल."

"युनूसभाई आसतलो काय गो थय? त्येका माझो नमस्कार सांग. आणि चपला काढ हां. आणि कोपरो खयचो ता ठाव आसा मां? दर्याकडचो. फाटकाकडचो न्हय."

"हो पप्पा. हो. माहीत आहे."

"आणि नारळ? नारळ घेतलंस मां? शेंडी आसा मां त्येका?"

सगळं मंडळ बोटीच्या फळीवर रांगेत उभं होतं, काका अजून माझ्याकडे पाहत होते, शिट्टी वाजायची होती, आणि वर्षभर साठलेलं सगळं एकदम घशात आलं.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. "घेतलंय! व्हय!"

रांगेतली सगळी डोकी वळली. समोरच्या बोटीवरचा खलाशीसुद्धा दोर सोडायचा थांबला. फोनवर पप्पा एकदम गप्प झाले. इतके, की मला त्यांच्या मागे अंगणात आई कोंबड्यांना हाकलत होती ते ऐकू आलं.

"मगे जा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.